चिप-शॉपसारखे चिप्स घरी करताय? या चुका टाळा

इंग्लंडमधल्या फिश अँड चिप्सच्या दुकानात मिळतात तसे चिप्स घरी करायला घेतले, की पहिली चूक कढई तापायच्या आधीच होते. डोळ्यांसमोर बर्गरसोबत येणारे बारीक, कडक फ्राइज असतात. मग कोणी कॉर्नफ्लोअर भुरभुरतं, कोणी तांदळाचं पीठ लावतं. चिप-शॉपच्या चिप्सना यातलं काहीच लागत नाही. ते चांगले बोटभर जाड असतात. बाहेरचा पापुद्रा पातळ आणि सोनेरी, आतला बटाटा मऊ, भुसभुशीत. कागदात गुंडाळले की स्वतःच्याच वाफेने ते थोडे नरम पडतात, आणि ते तसेच चांगले लागतात. कुरकुरीतपणाच्या मागे लागून जाड चिप्स तळत राहिलात, तर बाहेरून चिवट आणि आतून कोरडे होतील. या पदार्थात सगळी मजा आतल्या बटाट्याची आहे. म्हणून बहुतेक चुकांचं मूळही बटाट्यातच सापडतं.

चुकीचा बटाटा

ब्रिटनमध्ये चिप्ससाठी सर्वांत लोकप्रिय वाण मॅरिस पायपर. 1966 सालापासून तो बाजारात आहे. पिठूळ बटाटा, म्हणजे पाणी कमी आणि स्टार्च जास्त, त्यामुळे तळल्यावर आतून मोकळा होतो. तिथे पिशवीवर वाणाचं नाव छापलेलं असतं. आपल्याकडे भाजीवाला फार तर नवा की जुना, आग्र्याचा की इंदूरचा एवढंच सांगतो. कुफरी पुखराजसारखा लवकर निघणारा पाणीदार बटाटा हाती आला, तर तुम्ही कितीही नीट तळा, चिप्स आतून गिचका राहतात आणि बाहेर काढल्यावर पाच मिनिटांत लोळतात. तो रस्सा भाजीसाठी ठेवा. कुफरी चिप्सोना मिळाला तर उत्तम. शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने या मालिकेतले पहिले दोन वाण 1998 मध्ये आणले, तेच मुळी वेफर्स आणि तळणीच्या उद्योगासाठी. त्यात पाणी कमी आणि साखरही कमी.

वाण कळायला मार्ग नसेल तर एक खात्रीची परीक्षा आहे. 1 लिटर पाण्यात साधारण 110 ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा आणि त्यात अख्खा बटाटा सोडा. तळाशी गेला तर पिठूळ, चिप्सला घ्या. तरंगला तर पाणीदार, बाजूला ठेवा. एकाच पिशवीतले काही बटाटे बुडतात आणि काही तरंगतात, हे बघितलं की एकाच घाण्यातले चिप्स वेगवेगळे का झाले, त्याचाही उलगडा होतो.

दुसरी गोष्ट साखरेची. बटाटा थंडीत राहिला की त्यातल्या स्टार्चची साखर व्हायला लागते. असे चिप्स आतून शिजायच्या आतच बाहेरून तपकिरी होतात आणि थोडे कडवट लागतात. अशा वेळी आपण आचेला दोष देतो, पण आच बरोबर असते. चिप्ससाठीचे बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नका. शिवाय उत्तरेत फेब्रुवारी-मार्चमध्ये निघालेलं पीक पुढे कित्येक महिने शीतगृहातून येत राहतं, म्हणजे बाजारातून आणलेला बटाटाही आधीच गोडसर असू शकतो. तो घरात हवेशीर, अंधाऱ्या जागी एक-दोन आठवडे पसरून ठेवा, साखर बरीच उतरते. रंगाचा प्रश्न फक्त दिसण्याचा नाही: साखर जास्त आणि तळण गडद असेल, तर अ‍ॅक्रिलामाइड हा नको असलेला पदार्थही जास्त तयार होतो. सोनेरी रंगावर थांबणं सगळ्याच दृष्टींनी बरं. हिरवट पडलेले बटाटे घेऊच नका.

बारीक चिरणं, ओलं तळणं

जाडी 12 ते 15 मिलिमीटर ठेवा. बारीक चिपमध्ये वजनाच्या मानाने पृष्ठभाग जास्त, म्हणून ती तेलही जास्त पिते. सगळे तुकडे सारखे हवेत. कडेचे निमुळते तुकडे आधी जळतात आणि तेल काळं करतात, ते भाजीत टाका. चिरल्यावर पाणी नितळ होईपर्यंत धुवा आणि अर्धा तास गार पाण्यात बुडवून ठेवा. वरचा सुटा स्टार्च राहिला तर चिप्स कढईत एकमेकांना चिकटतात.

मग पंचावर पसरून खरोखर कोरडे करा. वरवर टिपून भागत नाही. ओल्या चिपवरचं पाणी उडवण्यात तेलाची उष्णता खर्च होते, तापमान कोसळतं, आणि तेल अंगावर उडतं ते वेगळंच.

एकदाच तळणं

एवढ्या जाडीची चिप घरच्या कढईत एका दमात नीट होणं अवघड. तेल कडक असलं तर बाहेर रंग येतो आणि मधे कच्ची गाठ राहते. तेल मंद असलं तर शिजते, पण फिकट आणि तेलकट होते. म्हणून ही दोन कामं वेगळी करा.

पहिल्यांदा 130 ते 140 अंश सेल्सिअसला 6 ते 8 मिनिटं. या वेळी रंग अजिबात नको. बुडबुडे संथ आणि शांत हवेत. एक चिप काढून दोन बोटांत दाबा. ती सहज दबली पाहिजे, पण मोडता कामा नये. मग परातीत किंवा जाळीवर एकेरी पसरून किमान 10 मिनिटं गार होऊ द्या. ही विश्रांती गाळू नका. वरची वाफ निघून जाते, पृष्ठभाग सुकतो आणि त्याचाच पुढे पापुद्रा होतो. पाहुणे येणार असतील तर इथपर्यंतचं काम काही तास आधी उरकून, गार झालेले चिप्स फ्रिजमध्ये ठेवता येतात.

दुसऱ्यांदा 180 ते 185 अंशांना 2 ते 3 मिनिटं. आता बुडबुडे जोरात आले पाहिजेत. तेल मोजायचा थर्मामीटर जरूर घ्या. नसेल तर पावाचा छोटा चौकोनी तुकडा टाका, साधारण मिनिटभरात सोनेरी झाला की तेल तयार.

घाणा मात्र छोटा ठेवा. 1 लिटर तेलात 200 ग्रॅमच्या वर चिप्स नको. गॅस वाचवायला अर्धा किलो एकदम टाकले, तर तेल गार पडतं आणि घरची आच ते वेळेत सावरू शकत नाही. तेलकट चिप्सचं हे सर्वांत मोठं कारण. त्याच्या खालोखाल कारण आहे निथळण्यातला आळस. तळताना आतून वाफ बाहेर पडत असते, तोवर ती तेलाला आत येऊ देत नाही. चिप बाहेर काढली की वाफ थंडावते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. म्हणजे बरंचसं तेल चिप्स कढईबाहेर आल्यावर शोषतात. झारा कढईवर धरून लगेच, दणकून झटका, आणि मगच कागदावर काढा.

तेल आणि आग

घरी रिफाइंड शेंगदाणा तेल उत्तम. घाण्याच्या तेलाचा वास बटाट्यावर चढतो. इंग्लंडच्या उत्तरेला, विशेषतः यॉर्कशरमध्ये, बरीच दुकानं गाईबैलाच्या चरबीत तळतात. तिकडे राहणाऱ्या किंवा फिरायला जाणाऱ्या शाकाहारी मंडळींनी चिप्स मागवण्यापूर्वी हे विचारून घ्यावं. तेच तेल मासे तळायलाही वापरतात का, तेही विचारावं.

कढई एक तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका आणि तेल तापत असताना स्वयंपाकघर सोडू नका. चिप्सच्या भांड्याला लागणारी आग ही ब्रिटनच्या अग्निशमन दलांची जुनी डोकेदुखी आहे. तेल पेटलंच तर पाणी कधीही ओतू नका आणि कढई उचलू नका. शक्य असेल तर गॅस बंद करा आणि झाकण सरकवून झाका. आग पसरत असेल तर घराबाहेर पडून अग्निशमन दलाला बोलवा.

मीठ आणि व्हिनेगर

मीठ तळण्याआधी लावलं तर पाणी सुटतं, म्हणून ते शेवटीच. तिथे चिप्सवर जवाच्या माल्टचं तपकिरी व्हिनेगर शिंपडतात. पण अनेक दुकानांत प्रत्यक्षात पाणी, अ‍ॅसेटिक आम्ल आणि कॅरामलचा रंग यांचं मिश्रणच असतं, तेव्हा आपल्याकडचं साधं सिंथेटिक व्हिनेगर वापरायला संकोच नको. गोव्याचं माडाचं व्हिनेगर हाताशी असेल तर मला ते जास्त आवडतं, त्याच्या आंबटपणाला थोडी गोलाई असते. आधी व्हिनेगर, मग मीठ. उलट केलं तर मीठ धुऊन ताटाच्या तळाशी जातं.