इंग्रजी शिकताना सीमाभागातील मराठी भाषकांनी टाळाव्यात अशा चुका

बेळगावातून खानापूर, निपाणी किंवा हुक्केरीकडे जाताना भिंतींवर रंगवलेल्या जाहिराती वाचल्या, तर तीस दिवसांत कोणीही फाडफाड इंग्रजी बोलू शकतो असे वाटू लागते. त्याच भिंतीपलीकडच्या घरात मात्र इंग्रजीत दोनदा राहिलेला मुलगा ‘ही जगातली सर्वांत अवघड भाषा आहे’ असे समजून पुस्तक मिटून बसलेला असतो. दोघांचीही चूक एकच आहे. एखादी भाषा अवघड की सोपी, हे शिकणाऱ्याला आधी कोणत्या भाषा येतात हे विचारल्याशिवाय सांगता येत नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषक अधिकाऱ्यांना इतर भाषा शिकवते. तिच्या अंदाजानुसार पूर्णवेळ शिक्षणात स्पॅनिशसाठी २४ ते ३० आठवडे, हिंदीसाठी सुमारे ४४ आणि जपानी किंवा अरबीसाठी तब्बल ८८ आठवडे लागतात. हे आकडे त्या भाषांचा कठीणपणा मोजत नाहीत. इंग्रजीपासून त्या किती दूर आहेत, ते मोजतात. हिंदीच्याच कुळातील मराठीतून इंग्रजीकडे येणाऱ्यालाही साधारण तेवढाच पल्ला तोडावा लागतो, असे मानायला हरकत नाही.

सीमाभागातील माणसाची गोष्ट मात्र थोडी वेगळी आहे, आणि ती लक्षात न घेणे हीच पहिली मोठी चूक होय. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात मराठी असते, आणि बाजारात, बसमध्ये, तालुका कचेरीत कन्नड कानावर पडते. दोन वेगळ्या कुळांतील भाषा लहानपणापासून ऐकलेला हा विद्यार्थी इंग्रजी शिकायला बसला, की कन्नड बाजूला ठेवतो आणि प्रत्येक वाक्य फक्त मराठीतून उलथवतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला, तेव्हापासून कन्नडचा विषय निघाला की आपल्याकडे आवाज चढतात; त्या वादात कोणाची बाजू कोणती, याच्याशी या लेखाला कर्तव्य नाही. इंग्रजी व्याकरणाच्या काही जागा मराठीपेक्षा कन्नडला जवळ आहेत, एवढेच येथे दाखवायचे आहे.

नकारार्थी भूतकाळाचे उदाहरण घ्या. ‘ही डिड नॉट वेंट’ हे वाक्य कोणत्याही वर्गात, अगदी पदवीच्या वर्गातही, हमखास सापडते. मराठीत आपण ‘तो गेला नाही’ असे म्हणतो. भूतकाळ ‘गेला’वर असतो आणि ‘नाही’ तसेच्या तसे राहते. म्हणून विद्यार्थी ‘डिड’ लावल्यानंतरही क्रियापदाचा भूतकाळ सोडायला तयार होत नाही. हेच वाक्य कन्नडमध्ये ‘अवनु होगलिल्ल’ असे होते. येथे ‘होगु’ हा धातू ‘होगलु’ या, म्हणजे आपल्या ‘जायला’ किंवा ‘जाऊ’सारख्या, रूपात येतो आणि भूतकाळाची जबाबदारी ‘इल्ल’ जोडलेल्या संपूर्ण रचनेवर पडते. इंग्रजीतही ‘डिड नॉट’ ने काळ उचलला की ‘गो’ मोकळे राहते. ज्याच्या तोंडी ‘होगलिल्ल’, ‘बरलिल्ल’, ‘माडलिल्ल’ सहज येते, त्याने ‘डिड नॉट गो’, ‘डिड नॉट कम’, ‘डिड नॉट डू’ या जोड्या त्यांच्या शेजारी लिहून म्हणून पाहाव्यात. नियम पाठ करण्यापेक्षा हा उपाय लवकर लागू पडतो, असा माझा अनुभव आहे.

लिंगाच्या बाबतीतही तसेच आहे. मराठीत बस आली, ट्रक आला आणि विमान आले. यामागे कोणतेही तर्कशास्त्र नाही, आणि मराठी शिकणारा कानडी माणूस याच ठिकाणी घामाघूम होतो. हरवलेल्या पेनाविषयी इंग्रजीत बोलताना मराठी मूल ‘इट’ऐवजी ‘ही’ म्हणून जाते ते या सवयीमुळे. कन्नडमध्ये माणसांसाठी ‘अवनु’ आणि ‘अवळु’, बाकी वस्तू आणि जनावरांसाठी ‘अदु’ अशी वाटणी आहे, आणि इंग्रजीतील ‘ही’, ‘शी’, ‘इट’ जवळपास त्याच रेषेवर चालतात. ‘मी तिच्याशी लग्न केले’ यावरून ‘मॅरीड विथ हर’ लिहिणाऱ्यानेही ‘अवळन्नु मदुवेयादे’ आठवावे. कन्नड तेथे ‘तिला’ या अर्थाचे कर्म ठेवते, आणि इंग्रजीतही ‘मॅरीड हर’ असेच म्हणतात.

येथवर काम सोपे आहे, कारण एक भाषा चुकवते तेव्हा दुसरी सावरते. खरी अडचण तेव्हा येते, जेव्हा मराठी आणि कन्नड दोन्ही एकाच दिशेने चुकवतात. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी सांगली जिल्ह्यातील कुपवाड गावाच्या बोलींचा अभ्यास करून १९७१ मध्ये असे दाखवले, की पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदलेल्या मराठी, कन्नड आणि उर्दू बोलींची वाक्यरचना तेथे इतकी एकसारखी झाली आहे, की शब्दाच्या जागी शब्द ठेवून एका बोलीतील वाक्य दुसरीत नेता येते. कुपवाड येथून फार दूर नाही, आणि बेळगाव, चिकोडी, निपाणीकडे कान दिला तर हेच ऐकू येते. याचा परिणाम असा होतो, की जी रचना घरी तशीच आणि बाजारातही तशीच, ती माणसाला भाषेची रीत न वाटता जगाची रीत वाटू लागते. इंग्रजीत ती वेगळी असेल, अशी शंकाही मनात येत नाही. अशा चुका वर्षानुवर्षे टिकतात, म्हणून त्यांच्याकडे अधिक वेळ दिला पाहिजे.

त्यांपैकी सर्वांत नुकसानकारक चूक म्हणजे दुसऱ्याचे बोलणे सांगतानाची. ‘तो म्हणाला, की मी उद्या येतो’ या मराठी वाक्यातील ‘मी’ म्हणजे ‘तो’, हे आपल्याला सांगावे लागत नाही. सीमाभागात तर ‘येतो म्हणून सांगितलं’ असे बोलतात आणि कन्नडमध्येही ‘बरतेनि अंत हेळिद’ हीच पद्धत आहे. दोन्ही भाषा मूळ बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवून पुढे ‘म्हणून’ किंवा ‘अंत’ची खुंटी ठोकतात. तेच वाक्य ‘ही टोल्ड दॅट आय विल कम टुमारो’ असे इंग्रजीत नेले, की अर्थ पूर्ण पालटतो आणि उद्या येण्याची जबाबदारी सांगणाऱ्याच्या गळ्यात पडते. उद्यमबागेतील एखाद्या कारखान्याच्या कचेरीतून पुण्याच्या ग्राहकाला असा निरोप गेला, तर कोणाची वाट पाहायची हेच ग्राहकाला कळणार नाही. येथे ‘ही सेड दॅट ही वुड कम’ असे म्हणावे लागते. ‘सेड’च्या जागी ‘टोल्ड’ ठेवायचे असेल, तर कोणाला सांगितले तेही लगेच आले पाहिजे: ‘ही टोल्ड मी दॅट ही वुड कम’. वाक्य तयार झाल्यावर त्यातील प्रत्येक ‘आय’ नेमका कोण, असे स्वतःला एकदा विचारले, तर ही चूक सापडते. ते जमत नसेल, तर सरळ अवतरण चिन्हात मूळ बोलणे द्यावे. ती पळवाट असली तरी ती चुकीची नाही.

दुसरी अशी जागा म्हणजे विनय. ‘पाणी द्या’ यातील आदर ‘द्या’मध्येच आहे. उत्तर कर्नाटकाच्या कन्नडमध्ये तो ‘री’ प्रत्ययात असतो. ‘बर्री’, ‘कोड्री’ म्हटले की काम झाले. इंग्रजी क्रियापदाला असा आदराचा प्रत्यय नाही आणि ‘यू’ सर्वांना एकच, त्यामुळे ‘गिव्ह मी वॉटर’ हे वाक्य आदराने उच्चारले तरी ऐकणाऱ्याला हुकूम वाटतो. इंग्रजीत नम्रता ‘कुड यू’, ‘वुड यू माइंड’ अशा प्रश्नरूपांत असते आणि नुसते ‘प्लीज’ चिकटवून ती प्रत्येक वेळी येत नाही. मुलाखतीत आपली मुले उद्धट ठरतात, त्यातील कित्येकदा दोष स्वभावाचा नसून या हरवलेल्या ‘द्या’चा असतो.

‘आय स्टे हिअर ओन्ली’ हेही याच जातीचे वाक्य आहे. ‘इथेच’मधील ‘च’ आणि ‘इल्ले’मधील ‘ए’ यांना इंग्रजीत प्रत्यय नाही. तेथे शब्दावर आवाजाचा जोर देऊन तो अर्थ सांगतात. ‘अँग्री ऑन मी’ही तसेच, कारण मराठी माणूस माझ्यावर रागावतो आणि कानडी माणसाचा रागही ‘नन्न मेले’च असतो; इंग्रजीत मात्र ‘अँग्री विथ मी’. ‘डिस्कस अबाउट’मध्ये ‘विषयी’ डोकावतो. अशा शब्दयोगी अव्ययांना नियम शोधत बसू नये. प्रत्येक क्रियापद त्याच्या सोबत्यासह एका वाक्यात लिहून ठेवणे, हाच खरा उपाय आहे.

‘ए’, ‘ॲन’ आणि ‘द’ यांच्याबद्दल थोडक्यातच सांगतो. मराठीत किंवा कन्नडमध्ये असे काही नाही, म्हणून हे कायम गळतात किंवा भलतीकडे येतात. ऐकणाऱ्याला ती वस्तू आधीच कोणती ते ठाऊक आहे का, एवढा एकच प्रश्न विचारून ‘द’ लावावे. बाकीचे वाचनाने सुधारते, आणि वाचनाशिवाय ते सुधारत नाही.

क्रियापदाच्या ‘इंग’ रूपाबाबत मात्र आपल्या बोलीत एक हाताशी असलेली कसोटी आहे. आपल्याकडे ‘जातो’ वेगळे आणि ‘जायलोय’ वेगळे. कन्नडमध्येही ‘माडतेनि’ वेगळे आणि ‘माडाकत्तेनि’ वेगळे. गंमत अशी, की ‘करायलोय’मध्ये ‘लागणे’ दडलेले आहे आणि ‘माडाकत्तेनि’मध्ये त्याच अर्थाचे ‘हत्तु’. आता ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ या वाक्याची परीक्षा घ्या. ‘मला दोन भाऊ असायलेत’ असे येळ्ळूरचा शेतकरीही म्हणणार नाही. ज्या क्रियेला आपल्या बोलीत ‘-यलोय’ लागत नाही, तिला इंग्रजीत ‘इंग’ लावण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. ही कसोटी शंभर टक्के चालत नाही, हेही सांगितले पाहिजे: ‘कळायलंय’ आपण म्हणतो, पण ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’ सहसा चालत नाही. ‘आय ॲम ॲग्री’ ही चूक मात्र वेगळ्या कारणाने होते. ‘मी सहमत आहे’ यातील ‘आहे’ने ‘ॲम’ ओढून आणलेला असतो, तर ‘ॲग्री’ हे स्वतःच क्रियापद असल्यामुळे तेथे ‘आय ॲग्री’ एवढेच पुरते.

आता स्पेलिंग. या बाबतीत विद्यार्थ्याला दोष देणे अन्यायाचे आहे, कारण देवनागरी किंवा कन्नड लिपीत वाढलेल्या माणसाला लिहिले तसे वाचण्याची सवय असते आणि इंग्रजी ती सवय पदोपदी मोडते. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला आणि त्यानंतर शब्दांची लेखी रूपे हळूहळू घट्ट होत गेली. त्याच सुमारास, म्हणजे साधारण १४०० ते १७०० या काळात, इंग्रजीतील दीर्घ स्वरांचे उच्चार मात्र एकामागून एक सरकत होते. लेखन मागे राहिले आणि उच्चार पुढे गेला. सरदार या अर्थाच्या ‘नाइट’मधील सुरुवातीचा ‘के’ आणि मधले ‘जीएच’ एके काळी खरोखरच उच्चारले जात. काही अक्षरे तर पंडितांनी मुद्दाम घुसवली आहेत: ‘डेट’, म्हणजे कर्ज, हा शब्द फ्रेंचमधून ‘बी’शिवाय आला होता, पण लॅटिन मूळ दाखवण्याच्या हौसेपोटी त्यात ‘बी’ आला आणि आजही मुकाट्याने बसून आहे. म्हणून येथील चूक म्हणजे अक्षरे जुळवून उच्चार काढणे. ‘ओयूजीएच’ या चार अक्षरांनी संपणारे शब्द ‘दो’, ‘थ्रू’, ‘टफ’ अशा निरनिराळ्या तऱ्हांनी संपतात. त्यांचा एक नियम करू पाहणारा थकून जातो. शब्द आधी ऐकावा, मग पाहावा, आणि शेवटी लिहावा. आपल्या बहुतेक शाळांत हा क्रम नेमका उलटा असतो.

उच्चाराच्या बाबतीत बहुतेकांची काळजी भलत्या ठिकाणी असते. आपला ‘ट’ उच्चारताना जीभ इंग्रजांच्या ‘टी’पेक्षा टाळूला अधिक मागे लागते किंवा ‘थिंक’मध्ये आपण मराठी ‘थ’ वापरतो, याने समजण्यात फारसे अडत नाही. ती आपल्या गावाची ओळख आहे आणि राहिली तरी चालेल. ‘व’च्या बाबतीत तसे नाही. ‘वेट’, म्हणजे ओले, आणि ‘व्हेट’, म्हणजे जनावरांचा डॉक्टर, हे आपल्या तोंडी एकसारखे होतात. पहिल्यासाठी ओठ गोल करावेत आणि दुसऱ्यासाठी वरचे दात खालच्या ओठाला टेकवावेत. त्याहूनही महत्त्वाचा आहे तो आघात. मराठीत प्रत्येक अक्षराला साधारण सारखाच वाटा मिळतो, तर इंग्रजीत एका अक्षरावर जोर पडतो आणि बाकीची दबतात. ‘डेव्हलप’मध्ये तो ‘व्हे’वर, ‘होटेल’मध्ये ‘टे’वर आहे, ‘फोटोग्राफ’मध्ये तो पहिल्या अक्षरावर, तर ‘फोटोग्राफी’ म्हणताच दुसऱ्यावर सरकतो. नवा शब्द वहीत लिहिताना जोराच्या अक्षराखाली रेघ ओढून ठेवावी आणि मोबाइलवर स्वतःचा आवाज मुद्रित करून ती रेघ ऐकू येते का, ते तपासावे.