बांधावरचा जाड ओंडका लाकूड-गिरणीत नेण्याआधी

निफाड-दिंडोरीकडे बांधावरची जुनी बाभूळ किंवा कडुनिंब विकत घेताय? तोडीला परवानगी लागते का, ते आधी विचारा. लागत असून काढली नसेल तर पुढचं सगळं फुकट. मग वजन काढा. 3 फूट व्यासाचा, 10 फूट लांबीचा ओला ओंडका सुमारे 70 घनफूट भरतो, म्हणजे ढोबळमानाने 2 टन धरायचा. इथेच गफलत होते. वखारीतलं माप (घेराचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी) खऱ्या घनफळापेक्षा सुमारे 21 टक्क्यांनी कमी येतं. व्यवहारापुरतं ते ठीक, पण ओंडका उचलायच्या क्रेनच्या पट्ट्यासाठी नाही; तिथे खरं वजन धरा.

द्राक्षबागेलगतच्या झाडांनी तारा आणि खिळे गिळलेले असतात, बुंध्याच्या खालच्या 5-6 फुटांत तर जास्तच. साल काढून धातुशोधक फिरवा. बाभळीच्या छेदावर निळा-काळा डाग दिसला तर आत लोखंड आहे असंच समजा. लाकडातलं टॅनिन लोखंडाशी मिळून काळं पडतं. एक खिळा बँडसॉचं (गिरणीतल्या पट्टा-करवतीचं) पातं घालवतो.

ओंडका गिरणीच्या ट्रॉलीवर बसत नसेल तर चेनसॉने गाभ्यातून उभा दुभागा. तोडल्या दिवशीच दोन्ही टोकांना मेण किंवा जाड ऑइलपेंट लावा. एप्रिलच्या उन्हात टोकं पटकन तडकतात. फळ्या सावलीत रचा आणि मधे दर दीड-दोन फुटांवर 1 इंची लाकडी पट्ट्या घाला, सगळ्या थरांत एकाच उभ्या रेषेत. पट्ट्या मागेपुढे झाल्या की फळी लाटेसारखी वाकते.