करकरणारा लाकडी पलंग घरच्या घरी कसा दुरुस्त करावा

पलंग करकरू लागला की पहिला हात तेलाच्या बाटलीकडे जातो, आणि चूक होते ती तिथेच. खोबरेल असो वा मशीनचे, तेल लाकडात मुरते, त्यावर धूळ बसते, गादीला डाग पडतात आणि पुढे त्या सांध्यात गोंद धरेनासा होतो. ढिले झालेले दोन भाग एकमेकांवर घासताना क्षणभर अडकतात आणि सुटतात, त्यातून ही करकर निघते. म्हणून एक तर ती हालचाल थांबवावी लागते, नाही तर घासणारी जागा गुळगुळीत करावी लागते. मात्र त्याआधी ती जागा सापडली पाहिजे, आणि खरा वेळ त्यातच जातो.

प्रथम गादी काढून जमिनीवर टाकावी आणि तिच्यावर एकदा लोळून पाहावे, कारण आवाज कधी कधी गादीतल्या स्प्रिंगचाच असतो. तसे नसेल तर एकाने पलंगाच्या एकेका कोपऱ्यावर भार देऊन हलवावे आणि दुसऱ्याने प्रत्येक सांध्यावर तळहात ठेवून बसावे. आवाज लाकडातून दूरवर पसरत असल्याने कान फसतो, पण दोष असलेल्या सांध्यातली थरथर हाताला लगेच कळते. तिथे टॉर्च धरून पाहिल्यास पॉलिश उडालेली, काळपट चकाकणारी एक बारीक रेघ बहुधा दिसते. त्याऐवजी पिठासारखी भुकटी आणि टाचणीच्या टोकाएवढी भोके दिसली, तर लाकडाला कीड लागली आहे असे समजावे आणि आधी तिचा बंदोबस्त करावा.

चारही पाय फरशीला नीट टेकले आहेत का, हेही याच वेळी पाहावे. आमच्या घरी दोन संध्याकाळ बोल्ट आवळण्यात गेल्यावर लक्षात आले की एका पायाखालची फरशी किंचित खचली होती. पुठ्ठ्याची चौकोनी घडी त्या पायाखाली सरकवताच पलंग गप्प झाला.

नट-बोल्टचा पलंग असेल तर सर्व बोल्ट आधी निम्मे आणि मग समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या क्रमाने पूर्ण आवळावेत. बोल्टचे डोके लाकडात रुतत असेल तर त्याखाली रुंद वॉशर घालावा. स्क्रू नुसताच फिरत असेल तर त्याचे भोक मोठे झालेले असते: गुल काढून टाकलेल्या काड्यापेटीच्या दोन-तीन काड्या फेव्हिकॉलमध्ये बुडवून त्यात घट्ट बसवाव्यात, रात्रभर वाळू द्याव्यात, वर आलेली टोके कापावीत आणि तोच स्क्रू हातानेच पिळावा. गादीखालच्या फळ्या करकरत असतील तर त्या जिथे टेकतात तिथे मेणबत्ती घासावी किंवा जुन्या सतरंजीची पट्टी घालावी. याला पाव तासही लागत नाही.

खाचेत बसवलेला लाकडी सांधाच सैल झाला असेल, तर मात्र सवडीने काम करावे. बाहेरून खिळा ठोकण्याचा मोह टाळावा. खिळ्याने लाकूड चिरते, आणि हलत्या सांध्यात तो स्वतःच काही दिवसांत सैल होतो. सांधा उघडताना हातोडी थेट न मारता मध्ये लाकडाचा ठोकळा धरावा. जुन्या पलंगात बहुधा सरस (जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेला गोंद) वापरलेला असतो आणि तो उष्णतेने व ओलाव्याने मऊ होतो, म्हणून गरम पाण्यात भिजवून पिळलेले फडके काही वेळ सांध्यावर ठेवल्यास तो सुटायला मदत होते. वाळलेल्या गोंदावर नवा गोंद धरत नाही. त्यामुळे जुना थर पटाशीने किंवा बोथट सुरीने खरवडून, लाकूड पूर्ण वाळू देऊन मगच फेव्हिकॉल लावावा. फट मोठी असेल तर ती गोंदाने भरू नये, रंध्याखाली निघालेली पातळ साल खाचेत बसणाऱ्या टोकाच्या दोन्ही बाजूंना चिकटवून ती बुजवावी. सांधा दाबून धरायला शिकंजा (क्लॅम्प) नसेल तर चौकटीभोवती सुती दोरी दुहेरी गुंडाळावी, तिच्यात एक काठी अडकवावी आणि पीळ देत ताण आणावा. त्यानंतर टेपने दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे भरले नाहीत तर चौकट तिरकी बसते आणि करकर पुन्हा सुरू होते. बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने पुसून 24 तास पलंगावर कोणालाही बसू देऊ नये, नातवंडांना तर नाहीच.

हे काम शक्यतो उन्हाळ्यात काढावे. लाकूड दमट हवेत रुंदीला फुगते आणि कोरड्या हवेत आकसते, लांबीला मात्र फारसा फरक पडत नाही. त्यामुळे पावसाळ्यात मुकाट असलेला सांधा मार्च-एप्रिलमध्ये बोलू लागतो, आणि कोरड्या दिवसांत बसवलेला सांधा पावसात अधिकच आवळला जातो. याउलट, जुलैमध्ये अडकते म्हणून घासून बारीक केलेले लाकूड मे महिन्यात हमखास सैल पडते.

भुसा दाबून बनवलेल्या बोर्डाच्या पलंगाला काड्यांचा उपाय फार काळ पुरत नाही, कारण भोकाभोवतीचा बोर्डच भुसभुशीत झालेला असतो. तिथे जुने भोक सोडून द्यावे आणि दोन-तीन इंच बाजूला लोखंडी कोनपट्टी लावून नवा स्क्रू बसवावा.