पपेट सर्व्हर लावताय? आधी या चुका टाळा

कुडाळजवळच्या एका कॉलेजच्या लॅबमधे ३० उबुंटू मशीन आहेत, त्यांच्यासाठी मी पपेट सर्व्हर लावला (पपेट म्हणजे एका जागेवरून सगळ्या मशीनची सेटिंग लावणारं सॉफ्टवेअर; प्रत्येक मशीनवर त्याचा एजंट बसतो, तो सर्व्हरकडून सेटिंग आणतो), प्रत्येक मशीनपुढे बसून तेच तेच करायचा कंटाळा आलेला. लावायला एक दुपार लागली आणि निस्तरायला अख्खा पावसाळा. त्यात निम्म्या भानगडींचा पपेटशी संबंधच नव्हता, पण एरर पपेटच्या नावाने येते म्हणून आपण तिथेच खणत बसतो.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं घड्याळाने. जूनमधे रात्री लाईट गेली, सकाळी चार मशीन सर्व्हरशी बोलेनात, एरर काय तर सर्टिफिकेट (म्हणजे मशीनचं डिजिटल ओळखपत्र) अजून व्हॅलिड नाही. मी दोनदा एजंट काढून परत टाकला, पोर्ट ८१४० तपासला, फायरवॉल बंद करून बघितली, काही नाही. शेवटी लॅबमधला पोरगा म्हणाला, "सर, ह्या मशीनीक कायतरी लागलेला असा, तारीख बघा." कोपऱ्यात २०१२ साल! मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल मेलेला, लाईट गेली की घड्याळ मागे. पपेट सर्टिफिकेटची सुरुवात मुद्दाम एक दिवस आधीची धरतं त्यामुळे तास-दोन तासांचा फरक खपून जातो, दहा वर्षांचा कसा खपेल. सेल बदला, तीस-चाळीस रुपयांचं काम आहे, आणि सर्व्हरवरच क्रोनी (घड्याळ जुळवणारा प्रोग्राम) चालवून बाकीच्यांना वेळ तिथूनच घ्यायला लावा, कारण पावसात बाहेरच्या नेटचा भरवसा कोण देणार. सर्व्हरचा स्वतःचा सेल मात्र सगळ्यात आधी बघा.

दुसरी चूक क्लोनची. एक मशीन छान सेट केलं, एजंट टाकला, सर्टिफिकेट साइन केलं आणि मग तीच डिस्क बाकी २९ वर ओतली. होस्टनेम तेच, चावी तीच, सर्व्हरला वाटतं एकच मशीन सारखं येतंय. आधी प्रत्येकाला वेगळं नाव द्या (लहान अक्षरांत, कॅपिटल चालत नाही), एजंटवरचं एसएसएल फोल्डर (चावी आणि सर्टिफिकेट असतं ते) उडवा, सर्व्हरवर जुनं सर्टिफिकेट क्लीन करा आणि मग परत साइन करा. हे फोल्डर घाईघाईत सर्व्हरवरचं उडवू नका हां, सगळं साइनिंग पहिल्यापासून करावं लागू शकतं. आणि कंटाळा आला म्हणून ऑटोसाइनमधे स्टार टाकू नका, मग कोणतंही मशीन न विचारता साइन होतं.

जुनं २ जीबी रॅमचं मशीन सर्व्हर म्हणून वापरलंत तर पपेटसर्व्हर उठणारच नाही, कारण जाव्हासाठी तो एकटाच २ जीबी मागतो. /etc/default फोल्डरमधल्या त्याच्या फाइलमधे ते ५१२ एमबी करा, एवढ्या मशीनना चालून जातं. लाईट आल्यावर सगळी एकदम चालू होऊन सर्व्हरवर तुटून पडतात, त्यासाठी एजंटच्या सेटिंगमधे स्प्ले (प्रत्येकाने कमीजास्त थांबून मग सर्व्हरकडे जायचं) चालू ठेवा.

सर्व्हर बंद पडला तरी एजंट जुना कॅटलॉग (सर्व्हरने शेवटी दिलेली सेटिंगची यादी) दर अर्ध्या तासाने लावतच राहतो, त्यामुळे वरवर सगळं ठीक दिसतं. माझा सर्व्हर एकदा दोन दिवस झोपलेला होता आणि कोणाला पत्ता नव्हता. सर्व्हरवरच्या रिपोर्टची वेळ अधूनमधून बघा.

आता माझी सगळ्यात मोठी माती. डीएनएसचा (नावावरून आयपी शोधून देणाऱ्या सर्व्हरचा) पत्ता सगळीकडे एकदम बदलायचा म्हणून मॅनिफेस्टमधे (सेटिंग लिहायची पपेटची फाइल) लिहिला, एक आकडा चुकला. अर्ध्या तासात तीसच्या तीस मशीनवर चुकीचा पत्ता बसला, आता त्यांना सर्व्हरचं नावच सापडेना, मग दुरुस्ती तरी पोचणार कशी? पेन ड्राइव्ह घेऊन मशीन-मशीन फिरलो, संध्याकाळची शेवटची एसटी चुकली. आता सर्व्हरचा आयपी प्रत्येकाच्या होस्ट्स फाइलमधे हाताने टाकून ठेवलाय, आणि नवीन काहीही आधी खिडकीजवळच्या एकाच मशीनवर नूप लावून बघतो, काय बदलणार ते तिथे नुसतं छापून येतं, बदलत काही नाही.