मोठ्या कुंड्यांतील हंगामी फुलरचना : या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात बंगल्यांच्या फाटकापाशी, मंगल कार्यालयांच्या दारात आणि गच्च्यांवर दोन-अडीच फूट व्यासाच्या मोठ्या कुंड्या मांडण्याची हौस अलीकडे बरीच वाढली आहे आणि ती वाढावी असेच मला वाटते. माझी तक्रार वेगळी आहे. यांतील बहुतेक कुंड्या लावल्या त्या दिवशी जशा दिसतात तशा पुन्हा कधीच दिसत नाहीत आणि त्याचे खापर मात्र रोपवाटिकेवर, खतावर नाहीतर बेळगावच्या हवेवर फोडले जाते. हंगामी रचना लावल्यापासून साधारण सहा आठवड्यांनी भरात यावी, या हिशेबाने ती लावायची असते. पहिल्याच संध्याकाळी फोटो काढता यावा म्हणून गच्च भरलेल्या कुंडीला लागवड म्हणायला मी तयार नाही.

तळाशी खडीचा थर

कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे आणि खडी घातली की पाण्याचा निचरा चांगला होतो, हा सल्ला इतक्या तोंडांनी आणि इतक्या आत्मविश्वासाने दिला जातो की त्याविरुद्ध बोलणाऱ्याकडेच लोक संशयाने पाहू लागतात. प्रत्यक्षात बारीक कणांच्या मातीत धरून ठेवलेले पाणी तिच्याखालच्या मोठ्या पोकळ्यांच्या खडीत सहजासहजी उतरत नाही; वरच्या मातीचा सर्वांत खालचा थर पाण्याने पुरता भरल्याशिवाय ते खाली सुटतच नाही. म्हणजे मातीच्या तळाचे काही इंच नेहमीच ओलेगच्च राहणार असतात आणि खडी घातल्याने तो ओला थर नाहीसा न होता केवळ वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ येतो. भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरावा, ठिबकणे थांबले की तो उभा करावा. पुन्हा पाणी गळू लागते. मातीचा स्तंभ जितका उंच, तितका निचरा चांगला, आणि खडी नेमकी तीच उंची खाऊन टाकते.

शहरातल्या एका मंगल कार्यालयाच्या दारातील चार मोठ्या सिमेंटच्या कुंड्या ऐन आषाढात पिवळ्या पडल्या, तेव्हा मला बोलावणे आले. कुंड्या चांगल्या खोल होत्या, छिद्रेही मोकळी होती आणि मालकांनी कंत्राटदाराकडून अर्ध्या उंचीपर्यंत विटा व खडी भरून घेतली होती; हे सांगताना त्यांच्या आवाजात अभिमान होता. पाने पिवळी पडलेली पाहून माळ्याने आधी युरिया दिला, मग बुरशीनाशक दिले, मग पुन्हा युरिया. एक कुंडी आडवी करून आम्ही ती उपसली. वरची चार बोटे माती उत्तम होती. वीतभर खाली गेल्यावर ती काळी झाली आणि सडलेल्या अंड्याचा वास आला. साल्वियाचे मूळ चिमटीत धरून ओढले तर वरची तपकिरी साल हातात आली आणि आत दोऱ्यासारखी शीर तेवढी उरली. त्या चिखलाच्या अगदी खाली मात्र खडी स्वच्छ होती, जेमतेम ओलसर. पाणी खडीच्या वरच अडून राहिले होते आणि हे सगळे डोळ्यांसमोर उघडे पडलेले असताना मालकांचा पहिला प्रश्न होता, ‘आणखी थोडी खडी घालावी का?’

खडी अजिबात घालू नये. छिद्रावर नायलॉनच्या जाळीचा तुकडा किंवा एकच खापरी उपडी ठेवावी, माती थेट तळापासून भरावी आणि कुंडी विटेच्या तीन तुकड्यांवर ठेवून छिद्र जमिनीपासून मोकळे करावे. निचरा सुधारायचा तो मातीतच. माझ्या हातचे मिश्रण असे असते : दोन घमेली लाल माती, एक घमेले पुरते कुजलेले शेणखत, एक घमेले भात गिरणीतील अर्धवट जळून काळे झालेले तूस आणि अर्धे घमेले जाड वाळू. खानापूर, जांबोटीकडे पाऊस धो धो असतो, तिथे तुसाचे प्रमाण मी वाढवतो. अथणी, रायबागकडे पाऊस कमी आणि उन्हाळा कडक, तिथे वाळू वगळून धुतलेले कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, घालतो. नुसती काळी माती कुंडीत भरू नये. ती वाळली की आकसते, कुंडीच्या भिंतीपासून सुटते आणि मग घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली वाहून जाते. खालून पाणी आलेले पाहून मालक समाधानी आणि मुळे मात्र कोरडी, असा प्रकार चिकोडी-अथणीकडे मी सर्रास पाहतो.

गच्चीवरची कुंडी हलकी राहावी म्हणून कोणी तळ भरून काढत असेल तर ते कारण वेगळे आणि रास्त आहे. ओल्या मातीचे वजन लिटरला दीड ते दोन किलो धरावे, म्हणजे शंभर लिटरची कुंडी दीडशे ते दोनशे किलोंची होते. आणि ये-जा असलेल्या सपाट छतासाठी भारतीय मानक आयएस ८७५ मध्ये धरलेला भार चौरस मीटरला सुमारे १५० किलो इतकाच आहे. अशा कुंड्या गच्चीच्या मध्यावर ठेवू नयेत. खाली भिंत किंवा तुळई कुठे आहे ते पाहून तिच्यावर ठेवाव्यात, जुन्या घरात तर अभियंत्याला विचारल्याशिवाय ठेवूच नयेत. तळात भर घालायची झाल्यास रिकामी प्लॅस्टिकची कुंडी उपडी घालावी आणि उरलेल्या खोलीत मावतील अशीच उथळ मुळांची रोपे निवडावीत.

हंगामाच्या आधी धावणे

गणपतीच्या सुमारास रोपांच्या गाड्यांवर फुललेली पेटुनिया दिसू लागली की नवशिक्यांचा धीर सुटतो. त्या वेळी आमच्याकडे पाऊस संपलेला नसतो. पेटुनियाच्या पातळ पाकळ्यांचा एका झडीत लगदा होतो, तो पानांना चिकटतो, तिथून बुरशी धरते आणि दसऱ्याला कुंडीत काड्या उरतात. हस्ताचा पाऊस ओसरेपर्यंत थांबायला काय हरकत आहे, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेले नाही. मी पेटुनिया, फ्लॉक्स, डायंथस, अलिसम, कॅलेंडुला यांचे बी सप्टेंबरमध्ये पत्र्याखाली ट्रेमध्ये टाकतो आणि रोपे ऑक्टोबरच्या उत्तरार्धात कुंडीत हलवतो; पॅन्सी त्याहूनही उशिरा, थंडी नीट जाणवू लागल्यावर. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्यामुळे येथील हिवाळा या फुलांना फार मानवतो. खाली कोकणात ज्यांना ती कशीबशी सांभाळावी लागतात, त्यांनी आमच्या कुंड्यांचा हेवा करावा इतका.

पावसाळ्यासाठी रचना पानांची करावी, फुलांची करू नये. जिल्ह्याच्या पश्चिमेकडे, खानापूरच्या बाजूला, कोलियस, कॅलेडियम, बिगोनिया, तेरडा, मध्यभागी बुटकी कर्दळ आणि कडेने सिंगोनियम एवढ्यावर जूनपासून सप्टेंबरपर्यंत कुंडी डौलात उभी राहते. हीच यादी उचलून अथणीला नेली तर कोलियस दुपारी माना टाकतो. तिथे पावसाळ्यातही झिनिया, कोंबडा आणि गॉम्फ्रेना हीच मंडळी बरी. एकाच जिल्ह्यात एकीकडे घाटमाथ्याचा पाऊस आणि दुसरीकडे जवळजवळ दुष्काळी पट्टा असताना सर्वांनी एकच तक्ता भिंतीवर लावावा, यात शहाणपण नाही. उन्हाळ्याची रोपे, म्हणजे ऑफिस टाइम (पोर्टुलाका), सदाफुली, झिनिया, फेब्रुवारीतच लावावीत, कारण एप्रिलच्या उन्हात नवे रोप रुजवणे म्हणजे दिवसातून दोनदा पाण्याची झारी घेऊन धावणे.

हंगामाचाच एक प्रकार लोकांच्या लक्षात येत नाही, तो रात्रीच्या उजेडाचा. टिळकवाडीतील एका बंगल्याच्या फाटकाच्या दोन्ही अंगांना शेवंतीच्या दोन सारख्याच कुंड्या होत्या; रोपे एका खेपेची, माती एका ढिगातली, पाणी एकाच हाताचे. मार्गशीर्ष उजाडला तेव्हा डावीकडची पिवळीधमक फुलली होती आणि उजवीकडची वैरणीसारखी हिरवीगार उभी होती. घरच्यांनी तिच्यावर फुले आणणारी म्हणून मिळणारी औषधे एकामागून एक ओतली होती आणि अखेर रोपवाटिकेने भलतेच वाण दिले, असे ठरवून टाकले होते. उजव्या खांबावर रात्रभर जळणारा एलईडी दिवा होता. शेवंतीला कळी धरण्यासाठी अखंड, लांब रात्र लागते. मध्ये उजेड पडत राहिला की ती पानेच वाढवत राहते. दिव्याचे तोंड रस्त्याकडे फिरवले, रोपांवर रात्री उजेड येईनासा झाला आणि काही आठवड्यांत तिनेही कळ्या धरल्या. फाटकावर उजेड हवाच असेल तर तिथे शेवंती लावू नये. सप्टेंबरअखेरपासून कळ्यांना रंग दिसेपर्यंत मी शेवंतीच्या कुंड्या घराच्या अंधाऱ्या बाजूला ठेवतो आणि मग दर्शनी जागी आणतो.

दाटी आणि खुडण्याची भीती

दोन फूट व्यासाच्या कुंडीत मध्ये एक उंच झाड, त्याभोवती चार-पाच मध्यम उंचीची रोपे आणि काठावर खाली झुकणारी तीन-चार, एवढीच माणसे पंगतीला बसवावीत. लोक वीस-पंचवीस बसवतात. महिन्याभरात मधल्या रोपांना वारा मिळत नाही, खालची पाने गळतात, झिनियावर भुरी, म्हणजे पांढऱ्या भुकटीसारखी दिसणारी बुरशी, येते आणि मग ‘कीड लागली’ म्हणून फोन येतात. सुरुवातीची मोकळी माती डोळ्यांना खुपत असेल तर मी सांगतो तो उपाय करावा : मधल्या जागेत मेथीचे दाणे विस्कटावेत. चार दिवसांत हिरवे दिसते, तीन आठवड्यांनी जुडी उपटून भाजीला घ्यावी, तोवर फुलझाडे पसरलेली असतात. कुंडी भिंतीला टेकून असेल तर उंच झाड मध्ये न ठेवता मागे ठेवावे, हे सांगावे लागू नये, पण लागते.

फुललेले रोप विकत आणून त्याची फुले तशीच ठेवण्याचा मोह हा या सर्वांच्या मुळाशी आहे. झेंडू, पेटुनिया, साल्विया यांची रोपे कुंडीत लावताच मी त्यांची फुले, कळ्या आणि वरचा शेंडा खुडून टाकतो. पाहणाऱ्यांचा जीव हळहळतो, परंतु रोप रुजते, बगलेतून फांद्या फुटतात आणि एकाऐवजी सहा ठिकाणी फुले येतात. पुढेही सुकलेली फुले देठासह काढत राहावीत. बी धरू दिले की झाडाचे काम संपले आणि आपली रचनाही संपली.

थोडक्यात सांगण्याजोग्या

ऑफिस टाइम आणि कोलियस एका कुंडीत लावू नयेत. एकाला कोरडे हवे, दुसऱ्याला ओल हवी, आणि पाणी देणारा हात एकच असतो.

रोज वरवर शिंपडू नये. बोट दोन पेरांपर्यंत खुपसून पाहावे, कोरडे लागले तरच खालून पाणी येईपर्यंत द्यावे. कोकोपीट वरून वाळलेले दिसते तेव्हाही आत ओल असते, म्हणून रंगावर जाऊ नये.

कौलारू घराच्या पागोळ्यांखाली कुंडी ठेवू नये. एका रात्रीत माती उडते आणि मुळे उघडी पडतात.

पावसाळ्यात कुंड्यांखालच्या ताटल्या काढून ठेवाव्यात. मुळे कुजतात ती कुजतात, वर डासांची पैदास होते.

नवी सिमेंटची कुंडी लगेच भरू नये. तिच्यातील चुन्याने माती अल्कधर्मी होते, म्हणून आठवडाभर पाणी भरून आणि ते बदलत ठेवावी. पैसे असतील तर खानापूरकडील भाजलेल्या मातीची कुंडी घ्यावी. ती पाणी लवकर सोडते, पण आमच्या पावसात तेच हवे असते. रसायनांचे निळे पिंप कापून केलेल्या कुंड्या मला पसंत नाहीत, कारण आधी आत काय होते ते विकणाराही नीट सांगू शकत नाही.

साखर कारखान्यातील ताजे प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेली मळी, स्वस्त मिळते म्हणून थेट कुंडीत भरणारे आहेत. ते कुजताना तापते आणि मुळे भाजतात. पुरते कुजून गार झालेले, मातीसारख्या वासाचे असेल तरच थोडे मिसळावे. मुसळधार पावसात कुंडीतील नत्र धुऊन जाते, त्यामुळे उघडीप मिळाली की १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्याच प्रमाणात असलेले) हे विद्राव्य खत लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात पंधरवड्यातून एकदा मी देतो. त्याहून जास्त दिल्याने जास्त फुले येत नाहीत.

निपाणी भागात तंबाखूच्या भुकटीचे पाणी कुंड्यांवर फवारण्याची पद्धत घरोघरी आहे. मावा त्याने मरतो, हे खरे. परंतु निकोटीन विषारी असते, ते त्वचेतूनही शरीरात जाते. शिवाय वाळवलेल्या तंबाखूत मोझॅक विषाणू जिवंत राहू शकतो आणि पेटुनिया तंबाखूच्याच कुळातली असल्यामुळे तो तिला लागतो. पाने चट्ट्यापट्ट्यांची आणि वेडीवाकडी झाली की त्यावर औषध नाही. रोप मुळासकट उपटून जाळावे लागते. पेटुनियाच्या कुंडीला हात लावण्यापूर्वी तंबाखू मळलेले हात साबणाने धुवावेत आणि माव्यासाठी निंबोळी तेल लिटरला ५ मिलिलिटर, थोडे साबणाचे पाणी घालून, संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारावे.