डालडा-पाम काढून करडई-जवस जेवणात कसं आणायचं

रिपोर्टमधी कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं की आपल्याकडं दोनच गोष्टी होतात, एक तर तेल एकदम बंद करून सगळं घर फिक्कं खायला लागतं, नाहीतर करडईचं तेल चांगलं असतंय म्हणून भाजीत अजून एक पळी जास्त. खरा फायदा अदलाबदलीत आहे. सॅच्युरेटेड फॅट, म्हणजे डालड्यासारखं थिजणारं, काढून त्याच्या जागी अनसॅच्युरेटेड, म्हणजे पातळ राहणारं, आणलं की एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, उतरतं. नुसती भर घातली तर वजन वाढणार, कारण तेल कुठलंही असो, ग्रॅमला 9 कॅलरी हायेतच.

म्हणून आधी काढायचं काय ते बघा. डालडा, बेकरीची खारी, फरसाणची पाकिटं. पाकीट उलटं करून वाचा, पाम तेल लिहिलेलं असतंय, त्यातलं जवळपास निम्मं फॅट सॅच्युरेटेड. हायड्रोजनेटेड, म्हणजे डालड्यासारखं घट्ट केलेलं तेल, दिसलं तर सरळ परत ठेवा.

मग त्या जागी करडई किंवा शेंगदाणा. करडई तर आपलीच, परभणीच्या कृषी विद्यापीठानं तिच्या जातीसुद्धा काढल्यात, अन् साध्या करडईच्या तेलात पाऊण हिस्सा लिनोलिक अॅसिड, म्हणजे ओमेगा-6, अनसॅच्युरेटेडचाच एक प्रकार. शेंगदाण्यात मोनो-अनसॅच्युरेटेड हा दुसरा प्रकार जास्त. एक महिना हे, एक महिना ते, एवढं बास. फक्त घाण्याचं करडई तेल तळणाला घेऊ नका, लवकर धुरावतं, ते फोडणीला नाहीतर चटणीवर कच्चं घ्या. अन् भज्यांचं उरलेलं तेल परत परत तापवणं आता सोडा राव.

ओमेगा-3, म्हणजे अनसॅच्युरेटेडचाच अजून एक प्रकार, त्यासाठी जवस. मासे न खाणाऱ्या घरात तर याच्याइतकं स्वस्त काहीच नाही, त्याच्या तेलात निम्म्याहून जास्त ओमेगा-3 असतंय. पण अख्खा खाल्ला तर बराचसा न पचताच बाहेर पडतो, म्हणून मंद आचेवर भाजा, लसूण-मीठ-तिखट टाकून कुटा, ज्वारीच्या भाकरीसंगं रोज चमचा-दोन चमचे. आठवडा पुरंल एवढीच करा, कुटलेला जवस लवकर खवट होतो.

मापाला सोपं म्हणजे माणशी महिन्याला अर्धा लिटर तेल, चौघांच्या घरात दोन लिटर. पहिल्या तारखेला वेगळं काढून ठेवा अन् त्यातच भागवा, पाहुणे आले तरी.

आणि कोलेस्टेरॉलची गोळी चालू असंल तर जवसाच्या चटणीच्या भरवशावर ती आपल्या मनानं बंद करू नका, डॉक्टरला विचारूनच.