सड्यावरचा चढ थोडा थांबेल: कोकणात पुन्हा सायकल चालवायला लागताना

सायकल पडवीत टेकवून पाच-सात वर्षे झाली असतील, तर सुरुवात पायांपासून न करता सायकलपासून करावी. घाटावर असती तर जी सायकल नुसती धुळीने माखली असती, ती किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत आणि 3000 मिलिमीटरच्या घरातल्या पावसात आतून गंजलेली असते. माझ्या सायकलची चेन काढून मी एका टोकाला धरली, तेव्हा ती खाली लोंबण्याऐवजी वाळलेल्या वेलीसारखी वाकडीच्या वाकडी हातात राहिली. वरवरचा गंज असेल तर चेन डिझेलमध्ये भिजवून, ब्रशने घासून, पूर्ण वाळल्यावर तेल देता येते. पण एखादी कडी बोटांनी वाकवूनही वाकत नसेल, तर चेन नवीनच घालावी.

त्यानंतर ब्रेक पाहावेत, आणि ते डोळ्यांनी न पाहता नखाने पाहावेत. वापर नसल्यामुळे ब्रेकचे रबर जाड दिसते, परंतु वर्षानुवर्षे पडून राहिल्याने ते कडक झालेले असते आणि रिमवर पकड न घेता नुसते घासत राहते. नख रुतत नसेल तर रबर बदलावे, ब्रेकच्या वायरीही त्याच वेळी बदलून घ्याव्यात. टायरच्या कडांना भेगा असतील तर हवा टिकते म्हणून समाधान मानू नये. हवा किती भरावी हे टायरच्या कडेवर छापलेले असते. चाकांतल्या आणि पॅडलच्या गोट्यांना नवे ग्रीस लावण्याचे काम मात्र दुकानात द्यावे.

सीटची उंची ठरवताना बहुतेकजण चूक करतात. दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली ठेवली जाते आणि मग आठ दिवसांत गुडघ्याच्या वाटीपाशी दुखू लागते. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवावी. पॅडल सर्वांत खाली असताना पाय सरळ व्हायला हवा. प्रत्यक्ष चालवताना पावलाचा पुढचा भाग पॅडलवर येतो आणि गुडघ्यात आपोआप हवा तेवढा बाक राहतो.

आता रस्ता. इथे अंतरावर हिशेब करून चालत नाही, कारण आपला रस्ता खाडीच्या काठावरून सड्यावर, म्हणजे जांभ्या खडकाच्या पठारावर, चढतो आणि पलीकडच्या खाडीवर उतरतो. त्यामुळे मध्ये सडा असलेले सहा किलोमीटर हे सपाटीवरच्या पंधरा किलोमीटरांपेक्षा जड जातात. मी पहिल्याच दिवशी उमेदीने सडा चढलो, आणि पुढचे आठ दिवस घरची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरताना कठड्याचा आधार घेत होतो. म्हणून पहिला महिना किनाऱ्यालगतच्या, नारळी-पोफळीच्या आगरांमधून जाणाऱ्या सपाट रस्त्यावरच काढावा. गुहागरच्या वरच्या आणि खालच्या पाटाचा रस्ता किंवा मालवणहून तारकर्लीकडे जाणारा रस्ता यासाठी उत्तम. रत्नागिरीजवळचा आरे-वारेचा रस्ता देखणा असला, तरी त्याचे चढ पाहता तो दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यासाठी राखून ठेवावा.

पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड वीस मिनिटे पुरेत. शेजारी कोणी असते तर त्याच्याशी पूर्ण वाक्यांत बोलता आले असते, इतपतच दम लागावा. गिअर हलका ठेवून पाय भरभर फिरवावेत. जड गिअर रेटण्याने गुडघे कुरकुरतात. दम दोन-तीन आठवड्यांत परत येतो, पण सांधे आणि स्नायुबंध त्यामागून सावकाश येतात, आणि दम आला म्हणून अंतर एकदम दुप्पट करणाऱ्यांचे पाय नेमके याच टप्प्यावर दुखावतात. आठवड्याला आधीच्या एकूण वेळेच्या दहाव्या हिश्शाइतकीच वाढ करावी. बसण्याच्या जागेचे दुखणे साधारण पंधरवड्यात जाते. चाळिशी उलटली असेल, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

वेळ पहाटेची निवडावी. तेव्हा जमिनीकडून समुद्राकडे मंद मतलई वारे असतात, तर दुपारी खारे वारे जोर धरतात आणि थंडी सरल्यानंतर ते बहुधा वायव्येकडून येतात. दुपारनंतरच निघणे भाग असेल तर जाताना उत्तरेकडे जावे, म्हणजे थकलेल्या पायांना परतीच्या वाटेवर वारा पाठीशी मिळतो. दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट पाणी प्यावे. घरी आल्यावर मीठ घातलेले कोकम सरबत घ्यावे.

सड्यावरचा चढ दुसऱ्या महिन्यात घ्यावा आणि जिथे जमणार नाही तिथे खुशाल उतरून सायकल ढकलावी. उतारावर मात्र दोन्ही ब्रेक थोडे थोडे, सोडत सोडत दाबावेत, आणि वळणावर शिरल्यानंतर नव्हे तर त्याआधीच वेग कमी करावा.

ओहोटीच्या घट्ट वाळूवर सायकल नेण्याचा मोह सर्वांनाच होतो. नेलीच, तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने हलक्या धारेने धुऊन, पुसून चेनला तेल द्यावे.

पावसाळ्यात जांभ्यावर आणि सावलीतल्या डांबरावर शेवाळ धरते, ओल्या रिमवर ब्रेकही उशिरा लागतो. उघडीप मिळेल तेव्हाच बाहेर पडावे. संततधार लागली की सायकल चाके हवेत राहतील अशी टांगावी, आणि आठवड्यातून एकदा चेनवर तेलाचे चार थेंब सोडून हाताने पॅडल फिरवावे.